पार्किंगखालची पिवळी रेघ

गेल्या गुरुवारी सकाळी बास्केटबॉलचं कोर्ट झाडत होते. आमचं कोर्ट सिमेंटचं, उघड्यावरचं, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या मागच्या अंगाला. कडेला दोन कडुलिंब आहेत, त्यामुळे बारा महिने पानं पडतात. पावसाळ्यात भिंतीकडच्या रिंगखाली, जिथे ऊन पोचत नाही तिथे, शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं नाही, तर लेअप मारून, म्हणजे पळत येऊन रिंगजवळ उडीतून चेंडू टाकून, उतरणारी मुलगी थेट गुडघ्यावर येते. म्हणून सराव सव्वासहाचा असला तरी मी पावणेसहाला पोचते आणि ज्या दोघी लवकर येतात त्यांच्या हातात उरलेले खराटे देते.

त्या दिवशी आमची पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी खेळाडू, लवकर आली होती. अकरावीतली, डावखुरी, डोक्यात सतत काहीतरी चालू असलेली मुलगी. झाडता झाडता म्हणाली, "ताई, अमेरिकेत बास्केटबॉलचं सगळ्यात भारी कॉलेज कुठलं?"

मी म्हटलं, "यूसीएलए, लॉस एंजेलिसचं विद्यापीठ. अकरा वेळा चॅम्पियन. तेवढं कुणीच नाही."

"मग हल्ली त्यांचं नाव का ऐकू येत नाही?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. तेवढ्यात बाकीच्या मुली आल्या, वॉर्म-अप सुरू झाला आणि विषय राहून गेला. पण आठवडाभर, पतसंस्थेत काउंटरवर बसल्या बसल्याही, तो डोक्यातून गेला नाही. गेली पंचवीस वर्षं मी हा खेळ सातासमुद्रापलीकडून बघतेय. मार्च आला की माझं घड्याळच बदलतं. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा: अडुसष्ट कॉलेजं, एक सामना हरला की घरी, रात्री-पहाटेचे सामने. अंतिम सामना आपल्याकडे मंगळवारी सकाळी सुरू होतो, त्या दिवशी मी दरवर्षी अर्धी रजा टाकते. इतकं बघूनही "भारी म्हणजे नेमकं काय" याचं उत्तर मी कधी नीट मांडलं नव्हतं. तिला द्यायचं उत्तर इथे लिहून काढतेय.

आधी यूसीएलए. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदं, त्यातली सात ओळीने, १९६७ पासून १९७३ पर्यंत. सलग ८८ सामने ते हरले नाहीत. जानेवारी १९७४ मध्ये नोटर डेमने ७१-७० असं एका गुणाने हरवलं तेव्हा ती साखळी तुटली. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, तिथलेच. बिल वॉल्टन तिथलेच. आणि या दहाही विजेतेपदांमागे एकच माणूस, जॉन वुडन.

मला मात्र त्या दहा विजेतेपदांपेक्षा त्याआधीची वर्षं जास्त जवळची वाटतात. वुडन १९४८ मध्ये तिथे आले आणि पहिलं विजेतेपद मिळालं ते १९६४ मध्ये, सोळाव्या हंगामात. मोठं पॉली पॅव्हिलियन १९६५ मध्ये उघडलं. तोवर सराव जुन्या जिममध्ये व्हायचा आणि त्याच जिममध्ये कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सवाल्यांचाही सराव चालायचा. फरशीवर धूळ बसायची. सरावाआधी ती फरशी वुडन स्वतः, मदतनीस मुलांना बरोबर घेऊन, पुसून काढायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातातल्या खराट्याकडे बघण्याची माझी नजर बदलली, हे अगदी खरं सांगते.

आणि त्यांचे ते मोजे. हंगामाच्या पहिल्या दिवशी, देशभरातून निवडून आणलेल्या मुलांना, वुडन मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. टाचेपाशी किंवा करंगळीपाशी एक सुरकुती राहिली की तिथे घासतं, घासलं की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. आमच्या मुली शाळेच्या गणवेशाचे पातळ नायलॉनचे मोजे घालून येतात. दर जूनमध्ये नव्या मुलींना मी कट्ट्यावर एका ओळीत बसवते. मोजा आधी अर्धा उलटा करायचा, बोटं नीट बसवायची, मग टाचेवरून ओढून घ्यायचा. वर ओढून झाला की अंगठा आतून फिरवून करंगळीची बाजू आणि टाचेचा गोल सपाट करायचा. मग बूट. नाड्या खालच्या भोकापासून एकेक घट्ट करत वर यायचं, नुसत्या वरच्या दोन ओढायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मुली एकमेकींकडे बघून हसतात. ऑगस्टमध्ये, दोन महिन्यांच्या सरावानंतर, एकीच्याही पायाला पट्टी नसते तेव्हा हसत नाहीत.

तर इतका मोठा माणूस. १९७५ मध्ये दहावं विजेतेपद घेऊन ते निवृत्त झाले, आणि पुढे काय झालं ते बघा. १९८८ पर्यंत पाच प्रशिक्षक आले आणि गेले. चार वर्षांच्या वर कुणी थांबलं नाही. वुडन यांच्यानंतर लगेच आलेल्या जीन बार्टो यांनी दोन वर्षांत ५२ सामने जिंकले आणि फक्त ९ हरले, तरी तेसुद्धा दोन वर्षांतच गेले. कुठेही, कुठल्याही कॉलेजात, या कामगिरीवर माणसाची मिरवणूक काढली असती. पण तिथे प्रत्येकाला वुडन यांच्या शेजारी उभं करून मापलं जात होतं. अकरावं विजेतेपद यायला १९९५ उजाडलं. वीस वर्षं. माझ्या पॉइंट गार्डच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

तिकडे मैदानावर उतरतात त्या मुलांना टीम म्हणतात आणि त्या सगळ्या कारभाराला प्रोग्राम म्हणतात. प्रशिक्षक, त्यांचे सहायक, जुने खेळाडू, नव्या मुलांची निवड, सरावाची पद्धत, प्रेक्षकांच्या सवयी, हरल्यावर कसं वागायचं याचे संकेत, सगळं त्यात आलं. टीम दर चार वर्षांनी अख्खी बदलते, कारण मुलं पास होऊन निघून जातात. प्रोग्राम राहतो. किंवा राहत नाही.

माझी आई हार्मोनियम घेऊन गल्लीतल्या मुलींना गाणं शिकवायची. ती म्हणायची, तीन पिढ्या ओळीने गायल्याशिवाय त्याला घराणं म्हणत नाहीत. तोवर तो एक चांगला गवई आणि त्याचे शिष्य. मला कॅन्सस विद्यापीठाची गोष्ट नेहमी आईच्या या वाक्याने कळते.

कॅन्ससशी माझा संबंध भावामुळे आला. २००० मध्ये तो एमएस करायला तिथे, लॉरेन्स गावाला गेला. पहिल्या हिवाळ्यातल्या त्याच्या पत्रात अभ्यासाबद्दल चार ओळी आणि अ‍ॅलन फील्डहाउस या तिथल्या बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानाबद्दल चार पानं होती. पाहुण्या संघाची नावं पुकारली जातात तेव्हा विद्यार्थी कसे पाठ फिरवल्यासारखे वर्तमानपत्रं तोंडासमोर धरून वाचत बसतात, जागा मिळवायला कसे दिवसचे दिवस पाळीपाळीने मुक्काम ठोकतात, जिंकल्यावर सगळे हात वर करून गव्हाच्या शेतासारखे कसे डोलतात. त्याला स्वतःला लेअपसुद्धा येत नव्हता. माझ्यामुळे गेला होता आणि तिथलाच झाला.

बास्केटबॉल शोधला जेम्स नेस्मिथ यांनी, डिसेंबर १८९१ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. जिमच्या गॅलरीला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम टाइप करून भिंतीवर लावले. हेच नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्ससला आले आणि तिथले पहिले प्रशिक्षक झाले. ५५ विजय, ६० पराभव. कॅन्ससच्या सगळ्या प्रशिक्षकांत हरण्याची बाजू जड असलेले ते एकटेच, ज्यांनी खेळ शोधला ते! त्यांच्या हाताखाली फॉग अ‍ॅलन खेळले आणि पुढे तेच प्रशिक्षक झाले. हा खेळ शिकवता येतो, त्याची शिस्त बसवता येते, हे अ‍ॅलन यांनी करून दाखवलं. त्यांच्या हाताखाली डीन स्मिथ खेळले, १९५२ च्या विजेत्या संघात. स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाला गेले, तिथे त्यांच्याकडे लॅरी ब्राउन शिकले. ब्राउन कॅन्ससला येऊन १९८८ चं विजेतेपद घेऊन गेले. ब्राउन यांच्याकडे त्या काळात हाताखाली काम करणारा एक तरुण होता, बिल सेल्फ. त्या सेल्फ यांनी कॅन्ससला २००८ आणि २०२२ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं.

नेस्मिथ, अ‍ॅलन, स्मिथ, ब्राउन, सेल्फ. गुरूकडून शिष्याकडे, पाच पिढ्या. मधली एक पिढी दुसऱ्या गावाला राहून परत घरी आली. आईच्या हिशेबाने हे घराणं. आणि विजेतेपदं किती? चार. यूसीएलएच्या निम्मीसुद्धा नाहीत. तरी एकूण विजय मोजले तर कॅन्सस आणि केंटकी हीच दोन नावं सगळ्यात वर येतात, दोघांचेही २,३०० च्या पुढे. शंभराहून जास्त वर्षं, दर हिवाळ्यात, न चुकता चांगलं खेळत राहणं. मला हे दहा विजेतेपदांपेक्षा अवघड वाटतं.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये भावाकडे गेले तेव्हा ते तेरा नियम पाहिले. मूळ कागद २०१० मध्ये लिलावात निघाले होते. कॅन्ससच्याच एका माजी विद्यार्थ्याने चाळीस लाख डॉलरच्या वर मोजून ते घेतले, विद्यापीठाकडे यावेत म्हणून. दोन पानं आहेत, काळपट पिवळी पडलेली. टाइपरायटरची अक्षरं आणि खाली नेस्मिथ यांच्या हातचं लिखाण. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. मी काचेसमोर बराच वेळ उभी राहिले. भाऊ म्हणाला, "चल, गाडी लावलीय बाहेर." मी हलले नाही. चेंडू घेऊन पळायचं नाही, खांद्याने ढकलायचं नाही, मुठीने चेंडू मारायचा नाही. हेच तर मी आमच्या कोर्टवर रोज ओरडून सांगत असते.

अ‍ॅलन यांची आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. हा खेळ १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जावा म्हणून त्यांनी फार खटपट केली. गेला. अंतिम सामना उघड्यावर, माती-वाळूच्या टेनिस कोर्टवर झाला आणि पाऊस कोसळला. चिखलात चेंडू टप्पाच घेईना, ड्रिबल बंद. अमेरिकेने कॅनडाला हरवलं, १९-८. जुलैत सराव बुडायला लागला की मी मुलींना हा स्कोअर सांगते आणि ओल्या कोर्टवर फक्त पासिंगचा सराव घेते.

आता आमच्या कॉलेजबद्दल.

१९९४ ते १९९७ मी कॉलेजच्या संघात खेळले. नाव लिहीत नाही. तिन्ही वर्षं आम्ही विभागात पहिल्या आलो आणि एकदा विद्यापीठाच्या संघात आमच्यातल्या तिघी निवडल्या गेल्या. हे सगळं एका माणसाने उभं केलं होतं, आमच्या जिमखान्याच्या सरांनी. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक लांबलचक वही होती, किराणा दुकानात उधारीची असते तशी. सराव संपला की प्रत्येकीने पन्नास फ्री थ्रो, म्हणजे रेषेवर उभं राहून कुणी न अडवता टाकायचे चेंडू, मारायचे आणि किती पडले ते सर त्या वहीत लिहायचे. रोज. सणाच्या आदल्या दिवशीसुद्धा. ३१, २८, ३५, ३३. वर्षअखेरीला ते जूनचं पान आणि मार्चचं पान समोरासमोर धरायचे आणि काही न बोलता आमच्याकडे बघायचे. त्या वहीत आमच्याआधीच्या मुलींचीही पानं होती, पार आम्ही शाळेत होतो तेव्हापासूनची. एका ताईचा ४४ चा आकडा होता. तीन वर्षं मी त्या ४४ च्या मागे होते. माझा सगळ्यात चांगला आकडा ४१.

वुडनसुद्धा प्रत्येक सरावाचं मिनिटामिनिटाचं टिपण छोट्या कार्डांवर लिहायचे आणि जपून ठेवायचे, हे मी पुढे वाचलं. आमच्या सरांनी वुडन यांचं नाव ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

सर निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. एक वर्ष, दोन वर्षं, "प्रस्ताव पाठवलाय" एवढंच उत्तर. ज्या मुलींना सरांनी शिकवलं होतं त्या पास होऊन गेल्या, लग्नं झाली, बदल्या झाल्या. आमच्यापैकी एकीनेही परत जाऊन "मी येते रोज सकाळी" असं म्हटलं नाही. मीही नाही. हा दोष कॉलेजचा जितका, तितकाच माझा. काही वर्षांनी दाखला आणायला गेले तर पोल कापलेले, खाली लोखंडाचे गोल ठसे राहिलेले आणि कोर्टवर दुचाक्या. स्कूटरांच्या चाकांमधून थ्री-पॉइंटची पिवळी रेघ दिसत होती, जिच्या बाहेरून बास्केट टाकली की तीन गुण मिळतात ती. जुनी, सव्वासहा मीटरची. आता ती पावणेसात मीटरवर गेलीय. शिपाईमामांना वहीचं विचारलं. जिमखान्याची खोली रिकामी केली तेव्हा सगळी रद्दी गेली म्हणाले.

आमच्याकडे टीम होती, उत्तम टीम होती. प्रोग्राम नव्हता. सर एकटे होते आणि आम्ही त्यांना एकटंच राहू दिलं.

म्हणून तिकडच्या मोठ्या कॉलेजांकडे बघताना माझं लक्ष आधी एका गोष्टीकडे जातं: पडत्या वर्षांत त्यांनी माणसाला किती वेळ दिला. डीन स्मिथ १९६१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे मुख्य प्रशिक्षक झाले. जानेवारी १९६५ मध्ये एका दारुण पराभवानंतर संघाची बस परत आली तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर टांगला होता. विद्यापीठाने त्यांना काढलं नाही. पहिलं विजेतेपद १९८२ मध्ये आलं, एकविसाव्या हंगामात. निर्णायक बास्केट मायकल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने टाकली. शेजारच्या ड्यूकमध्ये माइक शशेफ्स्की १९८० मध्ये आले. पहिल्या तीन हंगामांत ३८ विजय, ४७ पराभव. तिसरा हंगाम संपला तो व्हर्जिनियाकडून ६६-१०९ असा मार खाऊन. देणगीदार लोक त्यांना हाकला म्हणत होते. क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी १९८४ मध्ये त्यांचा करार उलट वाढवून दिला. पुढे पाच विजेतेपदं आली, पहिलं १९९१ चं. शशेफ्स्की २०२२ पर्यंत तिथेच होते. सोळावं वर्ष, एकविसावं वर्ष, अकरावं वर्ष. आपल्याकडे तिसऱ्या वर्षी पालक विचारतात, "अजून जिल्ह्याचं सर्टिफिकेट नाही?" बारावीचे क्रीडा गुण मिळाले की पुढच्या सोमवारपासून मुलगी येत नाही. मी पालकांवर रागावत नाही. त्यांना सर्टिफिकेटच दाखवलं गेलंय, दुसरं काही दाखवलंच नाही.

केंटकीबद्दल माझं मन दुभंगतं. माझ्या कसोटीवर ते सगळ्यात खरे उतरतात: आठ विजेतेपदं आणि ती पाच वेगवेगळ्या प्रशिक्षकांची. अ‍ॅडॉल्फ रप यांची चार, मग जो हॉल, रिक पिटिनो, टबी स्मिथ, जॉन कॅलिपारी यांचं एकेक. माणूस गेला तरी काम थांबलं नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा दुसरीकडे नाही. (आणि रप हेसुद्धा अ‍ॅलन यांचेच शिष्य, कॅन्ससचे!) पण त्याच केंटकीच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामन्यांचे गुण कमी-जास्त केल्याचं १९५१ मध्ये उघड झालं आणि १९५२-५३ चा अख्खा हंगाम त्यांना खेळता आला नाही. आणि १९६६ चा अंतिम सामना. एका बाजूला केंटकी, सगळे गोरे. दुसऱ्या बाजूला टेक्सस वेस्टर्न, डॉन हॅस्किन्स यांचा संघ, सुरुवातीचे पाचही खेळाडू काळे. टेक्सस वेस्टर्न ७२-६५ ने जिंकलं. त्यानंतरही रप यांनी पहिला काळा खेळाडू घेतला तो १९६९ मध्ये. पुढे १९९८ चं विजेतेपद केंटकीला टबी स्मिथ यांनी मिळवून दिलं, तिथले पहिले काळे मुख्य प्रशिक्षक. जी परंपरा एवढ्या काळ दार बंद ठेवते, तिला थोर म्हणताना मला थांबावंसं वाटतं. आणि उशिरा का होईना दार उघडल्यावर तिथूनच विजेतेपद आलं, हेही मी विसरू शकत नाही. दोन्ही गोष्टी मी मुलींना सांगते.

मुलींना मी आणखी दोन नावं सांगते, आणि ती जास्त वेळ घेऊन सांगते. पहिलं इमॅक्युलाटा. पेनसिल्व्हेनियातलं छोटंसं मुलींचं कॅथलिक कॉलेज. त्यांची जिम जळून गेलेली, अंगावर लोकरी ट्यूनिक, प्रेक्षकांत बादल्या बडवणाऱ्या नन. कॅथी रश त्यांच्या प्रशिक्षक. १९७२, १९७३, १९७४, तिन्ही वर्षं त्या महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आल्या. पण १९७२ मध्येच टायटल नाइन हा शिक्षणात मुलामुलींना समान संधी देणारा कायदा झाला, हळूहळू मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या खेळावर पैसा खर्च करावा लागला, शिष्यवृत्त्या आल्या, आणि छोट्या कॉलेजचा टिकाव लागला नाही. मुलींसाठी ही किती चांगली गोष्ट झाली! तरी इमॅक्युलाटाचं मागे पडणं मला चटका लावतं. नुसत्या जिद्दीवर तीन वर्षं निघतात. तीस वर्षं निघायला वेळेवर मिळणारा पगार, छप्पर, भरलेली जागा लागते.

दुसरं नाव पॅट समिट. १९७४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, टेनेसीच्या मुलींच्या संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पगार महिन्याला अडीचशे डॉलर. संघाची व्हॅन त्या चालवायच्या, गणवेश त्या धुवायच्या. २०१२ पर्यंत आठ विजेतेपदं, १,०९८ विजय. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. स्मृतिभ्रंशाने त्यांना थांबावं लागलं. टेनेसीचं शेवटचं विजेतेपद २००८ चं, त्यांचंच. म्हणजे माझी कसोटी इथेही कठोर उत्तर देते, आणि ते मला आवडत नाही, पण आहे ते आहे.

कनेक्टिकट मात्र आता या पंगतीत हक्काने बसतं. स्टॉर्स हे खेड्यातलं, शेतकी शाळेतून वाढलेलं विद्यापीठ. पुरुषांची सहा विजेतेपदं, सगळी १९९९ पासूनची, तीन प्रशिक्षकांची. महिलांची बारा, सगळी जीनो ऑरिएमा यांची. ऑरिएमा गेल्यावर काय होतं ते बघायला मी पहाटे उठणार आहे.

हे सगळं नाशिकमध्ये बसून सांगायचं, तर आपल्याकडे असं काही नाहीच असं मुलींना वाटायला नको. आहे. बास्केटबॉलमध्ये नाही, धावण्यात आहे. त्र्यंबकेश्वरकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिला घडवलं विजेंदर सिंग या प्रशिक्षकांनी, इथे, आपल्या शहरात. कविता झाली आणि संपलं असं झालं नाही. मागोमाग मोनिका आथरे आली, संजीवनी जाधव आली. संजीवनीने २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य घेतलं. एक मुलगी धावली की बातमी होते. तिच्या मागच्या मुलींना त्याच मैदानावर तीच वाट सापडली, तिथे मला प्रोग्राम दिसतो.

हल्ली तिकडे खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, आणि २०२१ पासून स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून, पैसेही मिळवू शकतात. पैसे मिळायलाच हवेत. त्यांच्या घामावर सगळे कमवत होते. पण चार वर्षं एकाच ठिकाणी राहून मोठी झालेली मुलं कमी होतील, याची मला काळजी वाटते.

तर सगळ्यात भारी कुठलं? माझं उत्तर नॉर्थ कॅरोलिना. विजेतेपदं सहा, प्रशिक्षक तीन: फ्रँक मग्वायर, डीन स्मिथ आणि स्मिथ यांच्याकडेच दहा वर्षं सहायक असलेले रॉय विल्यम्स. पण कारण आकड्यांचं नाही. स्मिथ यांच्या संघात बास्केट टाकणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, हा नियम होता. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, म्हणजे त्याला बाहेर घेत. दम परत आला की आपण होऊन आत यायची त्याला मुभा असे. त्यांचे ९६ टक्क्यांहून जास्त खेळाडू पदवीधर झाले. आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या जवळपास १८० माजी खेळाडूंच्या घरी प्रत्येकी दोनशे डॉलरचा चेक पोचला, मृत्युपत्रात लिहून ठेवल्याप्रमाणे: बाहेर जेवायला जा, माझ्यातर्फे. जॉर्डनला तेवढाच, आणि बाकावर बसून राहिलेल्यालाही तेवढाच. ही बातमी मी स्वयंपाकघरात वाचली आणि गॅस बंद करून खाली बसले.

काल सराव संपल्यावर पॉइंट गार्डला हे थोडक्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "ताई, आपली वही केव्हापासूनची आहे?"

आमचीही एक वही आहे. लाल कापडी, मेनरोडवरून आणलेली. २०१३ मध्ये या कोर्टवर यायला लागले त्या पहिल्या आठवड्यात घेतली. आता तिसरी चालू आहे. आधीच्या दोन पिशवीत असतात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. तिने पहिली काढली, कट्ट्यावर बसून पानं उलटत गेली. २०१६ च्या एका पानावर थांबली. ज्या मुलीचं ते पान होतं ती आता पुण्यात नोकरी करते आणि सुटीला आली की सकाळी खराटा घ्यायला हजर असते.

"त्रेचाळीस?" ती म्हणाली. "दीदीने त्रेचाळीस टाकले होते?"

"पाऊस झाल्यावर, ओल्या चेंडूने."

तिने वही बंद करून माझ्या हातात दिली. आदल्या दहा मिनिटांतच तिचे पन्नास मारून झाले होते, ३६. शाळा साडेसातची. तिने घड्याळ बघितलं, बूट पुन्हा सोडले, मोज्याच्या टाचेवरून आतून अंगठा फिरवला, नाड्या खालपासून आवळत आणल्या आणि चेंडू घेऊन रेषेवर जाऊन उभी राहिली. मी पेनाचं टोपण काढलं.